लग्नाचा बस्ता आणि ब्लाउजची शिलाई: दुकानात रोज विचारले जाणारे प्रश्न

सांगलीच्या गावभागात गेली बावीस वर्षं मी लेडीज टेलरिंगचं दुकान चालवते. लग्नसराईत दिवसाला दोन-तीन तरी नवऱ्या येतात. सोबत आई, मावशी, आत्या, आणि प्रत्येकीचं मत वेगळं. प्रश्न मात्र तेच. तेच ते सांगताना मशीन थांबतं, म्हणून एकदाचं लिहून काढलं.

बस्ता लग्नाच्या किती दिवस आधी काढावा?

दीड-दोन महिने तरी. साडी एका दुपारी घेऊन होते, वेळ जातो तो पुढं. आरी वर्क, म्हणजे आकड्याच्या सुईनं केलेलं मणी-जरीचं भरतकाम, करायचं असेल तर कारागिराकडं पंधरा-वीस दिवस सहज जातात, मग शिलाई, मग ट्रायल, मग दुरुस्ती.

तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त सुरू होतात, पण आमच्याकडची खरी झुंबड एप्रिल-मेची. तासगाव, मिरज, कवठेमहांकाळकडची बागायतदार मंडळी द्राक्षाचे पैसे हातात आल्याशिवाय बस्त्याला बाहेर पडत नाहीत, आणि त्यात त्यांचं काही चूक नाही. पण पैसे एप्रिलच्या मध्यावर आले आणि लग्न मेच्या पहिल्या आठवड्यात, असं झालं की सगळे एकदमच दारात. त्यांना मी सांगते, आहेराच्या साड्या, टॉवेल-टोप्या शेवटच्या आठवड्यात घेतल्या तरी कुणी नाव ठेवत नाही. नवरीची अंगावरची मुख्य साडी तेवढी आधी घ्या.

नवरीला नक्की किती साड्या लागतात?

घराघरातली रीत वेगळी. साधारण हळदीची एक, मामाकडची पिवळी अष्टपुत्री, अक्षतांचा शालू किंवा पैठणी, रिसेप्शनचं काहीतरी आणि सत्यनारायणाच्या पूजेची. पाच धरून चाला. यातल्या दोनच ब्लाउजना मेहनत आणि पैसा घाला, अक्षतांच्या आणि रिसेप्शनच्या. हळदीच्या ब्लाउजवर वर्क करून घेणाऱ्या मुली बघितल्या की मला त्या ब्लाउजची दया येते.

खरेदी सांगलीतच करावी, की कोल्हापूर-पुण्याला जावं?

हरभट रोड, मारुती रोड, नाहीतर मिरजेत तुमचं भागत असेल तर लांब जाऊ नका. पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर निवड जास्त, हे खरं. पण दहा माणसं गाडी करून गेली की रिकाम्या हातानं परत यायची लाज वाटते आणि शेवटच्या दुकानात दमून काहीतरी उचललं जातं. जवळच्या दुकानाचा फायदा दुसऱ्या दिवशी कळतो. घरी साडी पूर्ण उघडल्यावर पदरात गाठ किंवा काठाला डाग दिसला तर स्कूटरवरून जाऊन बदलून आणता येते.

बाहेर जायचंच असेल तर तिघी जा. नवरी, तिची आई आणि नाही म्हणायला न घाबरणारी एकजण.

पैठणी खरी की सेमी, कसं ओळखायचं?

पदर उलटा करा. हातमागावरच्या पैठणीत पदरावरचा मोर, मुनिया, बांगडी-मोर मागच्या बाजूनंही जवळजवळ तसाच दिसतो, कारण प्रत्येक रंगाचा धागा विणकर हातानं त्या-त्या जागी गुंफत जातो. सेमी, म्हणजे यंत्रमागावरच्या पैठणीत मागं धाग्यांचं जंजाळ असतं किंवा ते कापून टाकल्याच्या खुणा असतात.

सेमी घेणं कमीपणाचं अजिबात नाही. मंडपात लांबून कुणाला कळत नाही आणि ती वागवायला सोपी. फक्त सेमीला खऱ्याचे पैसे जाऊ नयेत. येवल्याची म्हणून देत असतील तर बिलावर 'हातमाग, शुद्ध रेशीम' असं लिहून मागा. लिहायला मागेपुढे करतात की नाही, त्यावरून बरंच कळतं.

रेशीम आणि जर यांची खात्री कशी करायची?

सिल्क मार्कचं लेबल बघा. केंद्रीय रेशीम मंडळानं २००४ साली हे चिन्ह सुरू केलं, त्यावर होलोग्राम आणि क्रमांक असतो. घरी बघायचं तर पदराच्या टोकाचे सुटे दोन-तीन दोरे काढून पेटवा. रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि मागं राहिलेली राख बोटानं चुरगळते. पॉलिस्टर वितळतं आणि त्याची कडक गोळी होते. दुकानात विचारून करा, न विचारता काडी ओढू नका.

जरीचं असं आहे की शुद्ध जर म्हणजे रेशमाच्या दोऱ्यावर चांदीची तार आणि वर सोन्याचा मुलामा. टेस्टेड जरीत तांब्याची तार असते आणि ती काही वर्षांनी काळवंडते. आज बाजारात शुद्ध जर कमीच दिसते. भाव ऐकूनच अंदाज येतो.

दुकानात आवडलेला रंग घरी वेगळा का दिसतो?

दिव्यांमुळं. साडी पायरीवर नेऊन उन्हात बघा. आणि लग्न दुपारच्या मुहूर्तावर मंडपात की रात्री हॉलमध्ये, हेही आधी ठरलेलं असू द्या.

साडीसोबतच्या ब्लाउजपीसमध्ये ब्लाउज होतं का?

ब्लाउजपीस साधारण ८० सेंटिमीटरचा असतो. छाती ३६ पर्यंत आणि बाही कोपरापर्यंत असेल तर नीट होतं. छाती ४० च्या पुढं, बाही लांब आणि दोन्ही बाह्यांना काठ हवा, म्हटलं की कापड अपुरं पडतं. मग मागच्या पाठीला जोड द्यावा लागतो किंवा तसंच रेशमी कापड वेगळं आणावं लागतं.

यावर एक उपाय मला माझ्याच चुकीतून सापडला. दुकान टाकून वर्षही झालं नव्हतं. एका नवरीच्या साडीवर मोरांची ओळ होती. मी कापड दुहेरी घातलं आणि दोन्ही बाह्या एका कात्रीत कापल्या. जोडून समोर धरल्यावर दिसलं की डाव्या बाहीवरचे मोर चालताहेत आणि उजव्या बाहीवरचे सगळे डोक्यावर उभे. लग्न सहा दिवसांवर. रात्रभर झोप नाही. सकाळी तिच्या आईला बोलावून खरं ते सांगितलं. बाई माझ्याहून शांत. म्हणाली, "अगं, साडीचं आतलं टोक कंबरेला खोचलेलंच असतं, तिथलं घे की." साडी साडेपाच मीटरची, त्यातलं बाहीपुरतं कापड गेलं तर नेसल्यावर कुणाला दिसत नाही. त्या टोकातून नवी बाही कापली. तेव्हापासून नक्षीदार कापडाच्या बाह्या मी एकेरीच कापते आणि आधी खडूनं बाण काढते.

माप कधी द्यायचं? जुनं ब्लाउज दिलं तर चालेल का?

जुनं ब्लाउज नक्की आणा, पण त्याच्यावर भागवू नका. जुनं ब्लाउज अंगावर सैलावलेलं असतं आणि तुम्हाला त्याची सवय झालेली असते. माप देताना लग्नात जी ब्रा घालणार तीच घालून या. पॅड लावलेली आणि साधी यांत छातीच्या मापात एक-दीड इंचाचा फरक पडतो आणि टक्सचं, म्हणजे छातीला आकार यावा म्हणून घातलेल्या चुणीचं, टोक भलत्याच जागी येतं. निम्मी बिघडलेली ब्लाउजं मी पाहते ती या एका कारणानं.

वाकी किंवा बाजूबंद घालणार असाल तर माप देतानाच सांगा. बाही दंडाला चिकटलेली असेल तर वाकीखाली कापड गोळा होतं.

'माया ठेवा' म्हणजे काय? ती न विसरता का मागायची?

माझं सगळं सांगणं एका शब्दात सांगायचं तर तो हाच. शिलाईच्या आत जे जादा कापड सोडतात त्याला माया म्हणतात. दोन्ही बाजूंच्या शिलाईत, पुढच्या आणि मागच्या भागाला एकेक इंच माया असेल तर चार कडा मिळून चार इंच झाले. त्यातलं थोडं राखून ब्लाउज पुढं तीन इंच सैल करता येतं. अर्धा इंचच सोडलं असेल तर काही करता येत नाही. हल्ली तयार ब्लाउजात आणि घाईच्या शिलाईत कड कापून थेट इंटरलॉक मशीनवर बंद करून टाकतात, आत काही उरतच नाही.

नवरीला माया लागतेच. ठरल्यापासून लग्नापर्यंत केळवणं, आमच्या खेड्यांकडं गडगनेर म्हणतात ती, रोज एकेका घरी. पुरणपोळी, श्रीखंड, आग्रहाचं जेवण. मुलगी म्हणते डाएट चालू आहे, मावशी म्हणते एवढं एकच घे. काही उलट ताणानं वाळतात. दोन्हीला शिंपीणच पुरी पडायची. आणि बाळंतपणानंतर तेच ब्लाउज मंगळागौरीला घालायचं असतं, तेही मायेच्याच जोरावर.

अस्तर आधी भिजवायचं असतं का?

हो. सुती अस्तर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करूनच कापायचं. न भिजवता लावलं तर पहिल्या धुण्यात अस्तर आटतं, वरचं कापड आटत नाही आणि ब्लाउजला सुरकुत्या पडतात. त्या कुठल्याही दुरुस्तीनं जात नाहीत. शिंप्याला हे विचारायला लाजू नका.

आरी वर्क कधी करायचं, शिवायच्या आधी की नंतर?

आधी. कापडावर खडूनं आखून, चौकटीवर ताणून वर्क होतं आणि मग कटिंग. म्हणून माप त्याआधीच पक्कं लागतं. गळा किती खोल हे वर्क झाल्यावर बदलायचं म्हणजे मणी उसवत बसणं. शिलाईच्या रेषेवर मणी येऊ देऊ नका, सुई मोडते आणि माया सोडवताना सगळं सुटून येतं.

ट्रायलला काय बघायचं? आरशात छान दिसलं म्हणजे झालं ना?

आरशात उभं राहून सगळंच छान दिसतं. माझ्या दुकानात नवरीला मी तीन गोष्टी करायला लावते. दोन्ही हात पूर्ण वर, कारण हार घालायच्या वेळी नवरदेवाचे मित्र त्याला उचलणारच. मग खाली मांडी घालून बसायचं, पाटावर विधींना तास-दीड तास तसंच बसावं लागतं. मग वाकून नमस्कार, निदान पाच वेळा. हात वर करताना ब्लाउज खालून वर चढलं तर मुंढा, म्हणजे बाही जोडायचा काखेभोवतीचा काप, चुकलाय. वाकताना पुढचा गळा उघडा पडला तर खांद्याला उचलून घ्यायचं. बसल्यावर हूक ताणले तर माया सोडायची.

पहिली ट्रायल कच्च्या टाक्यांवर, दुसरी लग्नाच्या आठ-दहा दिवस आधी. ट्रायलला आई चालेल, पण सात जणी नकोत.

शिवून झालेल्या ब्लाउजात काय दुरुस्त होतं आणि काय नाही?

सैल असेल तर काळजीच नाही. बाजूनं घेतलं की झालं. घट्ट असेल तर मायेवर अवलंबून. पण एक लक्षात घ्या, शिलाई उसवली की सुईची भोकं राहतात. सुती कापडात ती धुतल्यावर भरतात, टिश्यू, ऑर्गेंझा आणि बनारसी शालूच्या कापडात ओळ दिसत राहते. म्हणून या कापडांना आधी कच्ची शिलाई हवीच.

उंची कमी पडली तर खाली काठाची पट्टी जोडता येते, बरं दिसतं. बाही दंडाला घट्ट आणि आत माया नसेल तर काखेत कळी, म्हणजे कापडाचा छोटा तुकडा, घालतो, हात खाली असताना ती दिसत नाही. मागचा गळा फार खोल झाला तर त्याच कापडाची पट्टी किंवा नेट लावता येते, किंवा गळा फाकू नये म्हणून नाडी आणि लटकन.

न होणारं काम म्हणजे रुंद कापलेला गळा. कात्री चाललेलं कापड परत येत नाही. खांद्याच्या शिलाईत थोडं घेऊन गळा वर येतो, पण सोबत मुंढाही आखडतो. छातीला घट्ट आणि पाठीला सैल असलेलं ब्लाउजही बाजूनं उसवून कधीच बसत नाही. त्याचे टक्स, नाहीतर प्रिन्सेस कटची, म्हणजे टक्सऐवजी छातीवरून खाली जाणारी, शिलाई, पहिल्यापासून उघडावी लागते. ते काम नव्या शिलाईइतकं असतं आणि तेवढेच पैसे मी घेते. लोकांना राग येतो. येऊ दे.

सहावारी पैठणीची नऊवारी शिवून द्याल का?

नाही. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर, सहावारी साडेपाच मीटर. ओढूनताणून काष्टा घालता येतो, पण चालताना पोटऱ्या उघड्या पडतात आणि साडी कापली की पुन्हा कधी नेसता येत नाही. नऊवारीच घ्या. महागाची असेल तर न कापता, निऱ्या आणि काष्टा टाक्यांनी बसवून देते, नंतर उसवली की साडी साबूत. शिवलेली नऊवारी एकदाच घालायची असेल तर भाड्यानं आणा, सांगलीत सहज मिळते.

ऑनलाइन मागवलेला घागरा लांब होतोय. खालून कापू का?

खालून कापू नका, काठ आणि वर्क तिथंच आहे. कंबरपट्टी उसवून वरून उंची कमी करायची. पण घागरा कळ्यांचा, म्हणजे खाली रुंद होत जाणारे उभे तुकडे जोडून केलेला, असेल तर वरून कापल्यावर कंबर मोठी होते, मग प्रत्येक कळीत थोडं-थोडं घ्यावं लागतं. अर्ध्या दिवसाचं काम आहे, पाच मिनिटांचं नाही. माप देताना लग्नातल्याच सँडल घालून या.

नवरदेवाच्या शेरवानीचं काय?

मी पुरुषांचं शिवत नाही. एवढं सांगते की तयार शेरवानी घेताना खांदा बघून घ्या. कंबर, बाही, लांबी सगळं दुरुस्त होतं, खांदा होत नाही. आणि बसून बघायला लावा, उभ्यानं पोट आत ओढून सगळेच बघतात.

आईचा शालू नेसायचा आहे. टिकेल का?

हा प्रश्न विचारणारी मुलगी मला आवडते. आधी साडी पूर्ण उघडा आणि घडीच्या रेषा बघा. वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिलेलं रेशीम नेमकं त्या रेषेवर विरतं. रेषेच्या दोन्ही बाजूंना चिमटीत धरून हलकं ताणा. चरचर आवाज आला किंवा दोरे सरकले तर तो शालू नेसून बसण्या-उठण्यासारखा राहिलेला नाही. मग पदराचा शेला करा, काठ काढून नव्या साडीला लावा. शालू धड असेल तर फॉल नवा लावा, विरत चाललेल्या जागेला आतून मलमलीचा आधार द्या. रफू करून घेता येतो, पण लग्नाच्या गर्दीत भरवसा नाही.

आईचं ब्लाउज मात्र फेकू नका. परवाच एकीनं आणलं, पंचवीस वर्षांपूर्वीचं. आत उघडलं तर दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच माया, हातानं घातलेली तुरपाई अजून घट्ट. मुलीला अलगद बसलं. ज्यानं शिवलं त्याच्या हाताला मनातल्या मनात नमस्कार केला.

साडीत दोष निघाला आणि दुकानदार परत घेत नाही. काय करायचं?

'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' असं बिलावर छापलेलं असलं तरी घाबरू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलीच नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे. बिल न देणं हीसुद्धा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. मात्र 'सासूबाईंना रंग आवडला नाही' हा दोष धरला जात नाही, तिथं दुकानदाराची मर्जी.

बिल बघताना जीएसटीही बघा. साडीला ५ टक्के. शिवलेला तयार कपडा नग २५०० रुपयांच्या वर असेल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के. घागरा-शेरवानीचा भाव विचारताना 'करासहित किती' हे आधी विचारा.

शिंप्यानंच बिघडवलं तर?

शिलाई ही सेवा आहे, म्हणून तिलाही तोच कायदा लागू. पण आधी बोलून बघा. पावतीवर देण्याची तारीख, कापड किती दिलं, नमुना काय ठरला हे लिहून घेतलेलं असेल तर निम्मी भांडणं होतच नाहीत. फोटो दाखवून 'असं' म्हणालात तर तो फोटो पाठवून ठेवा.

लग्नाआधी कपडे कुठं ठेवावेत?

सुती कपड्यात गुंडाळून, प्लॅस्टिकच्या पिशवीत अजिबात नाही. डांबरगोळ्या जरीला लागू देऊ नका, जर काळी पडते. अत्तर आणि परफ्यूम साडी नेसायच्या आधी अंगाला.

नदीकाठच्या भागात राहत असाल आणि दिवाळीनंतरच्या लग्नाची साडी पावसाळ्यातच घेऊन ठेवली असेल तर ती माळ्यावर किंवा वरच्या मजल्यावरच्या नातेवाइकांकडं ठेवा. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णेचं पाणी दुकानात शिरलं तेव्हा खालच्या फळीवर फॉल-पिकोला आलेली गाठोडी होती. रंग एकमेकांत उतरलेले, त्यावर गाळ. त्यातल्या दोन साड्या लग्नाच्या होत्या. भरून दिल्या, पण त्या मुलींची तोंडं अजून आठवतात.

शालूवर हळद लागली. घासून धुऊ का?

साबण लावू नका. हळदीला साबण लागला की डाग लाल होतो. हळदीपासूनच कुंकू करतात, हे सांगलीकरांना काय सांगायचं. सुती कपड्यावर तो लालपणा पाण्यानं उतरतो आणि उरलेला पिवळा डाग कडक उन्हात फिका पडतो. रेशमावर मात्र सुकी हळद झटकून टाका, चोळू नका, पाणी लावू नका, सरळ ड्रायक्लीनला द्या आणि 'हळद आहे' असं सांगून द्या.

ऐन वेळी हूक तुटला, शिलाई उसवली तर?

करवलीच्या पर्समध्ये सुई, साडीच्या रंगाचा दोरा ओवूनच ठेवलेला, चार हूक, डझनभर सेफ्टी पिना आणि छोटी कात्री असू द्या. पिन जरीत टोचू नका, काठाच्या आतल्या साध्या कापडात टोचा. मुहूर्ताच्या आधी तासभर मला फोन करून 'काकू, बाही उसवली' म्हणणाऱ्या दरवर्षी दोघी-तिघी निघतातच. हॉल सांगली-मिरजेत असेल तर मी येते. पण मला जेवण वाढायचं, आणि पहिल्या पंगतीत.